पिकअपला फोर व्हील ड्राइव्ह बसवण्याआधी

मावळात भातलावणी सुरू झाली की गॅरेजवाल्यांकडे एक प्रश्न हमखास येतो. पिकअपचा मालक विचारतो, "उस्ताद, हिला फोर व्हील करून द्याल का?" विचारणारा हौशी नसतो. पवना धरणाच्या काठी तंबू टाकणाऱ्यांना गॅसच्या टाक्या आणि पाणी पोहोचवणारा, नाणे मावळातील पोल्ट्रीला खाद्य टाकणारा, लोहगडवाडीकडे विटा-सिमेंट नेणारा असा तो धंदेवाला माणूस असतो. लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. डांबरी रस्ता सोडून शेताकडे वळले की तांबडी माती साबणासारखी होते. गाडी रुतली की दिवस गेला, शिवाय ट्रॅक्टरवाल्याचे पैसे वेगळे.

काम होऊ शकते का? होऊ शकते. पण त्यात काय काय येते ते गिऱ्हाईक आणि मिस्त्री दोघांनी आधी समजून घ्यावे.

साध्या पिकअपमध्ये इंजिनची ताकद गिअर बॉक्समधून लांब शाफ्टने मागच्या डिफरन्शियलला जाते. पुढची चाके फक्त वळतात. फोर व्हील करायचे म्हणजे गिअर बॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस बसवावी लागते. ती ताकदीचे दोन वाटे करते, एक मागे आणि एक पुढे. पुढे स्वतःचे डिफरन्शियल असलेला ॲक्सल लागतो, आणि वळतानाही चाक फिरत राहावे म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना सांधे लागतात. पुढच्या ॲक्सलपर्यंत दुसरा शाफ्ट न्यावा लागतो. मागचा जुना शाफ्ट कापून आखूड करून पुन्हा बॅलन्स करावा लागतो. ट्रान्सफर केस टांगायला चेसिसवर आडवा बीम नसतो, तोही बनवावा लागतो.

खरी डोकेदुखी पुढच्या बाजूला आहे. पुढे पाट्यांवर बसलेला सरळ ॲक्सल असेल तर निदान पाट्यांची जागा तयार मिळते. दोन्ही चाकांचे सस्पेन्शन सुटे असेल तर ते सगळे उतरवून चेसिसला पाट्यांचे नवे ब्रॅकेट वेल्डिंग करावे लागतात. मग डिफरन्शियलचा गोळा इंजिनच्या ऑइल चेंबरला लागतो, म्हणून गाडी काही इंच उचलावी लागते. गाडी उचलली की स्टिअरिंगच्या दांड्यांचा कोन बिघडतो, ब्रेकचे पाइप कमी पडतात आणि भरलेला हौदा वळणावर जास्त झुकतो. एक गोष्ट बदलली की चार बदलाव्या लागतात, असे हे काम आहे.

सुटे भाग बहुतेक वेळा भंगारातून येतात. कुर्ल्याचा सीएसटी रोड आपल्या कारागिरांना नवा नाही. लष्कराच्या लिलावातून निघालेल्या जीपचे ॲक्सलही फिरत असतात. येथे दोन गोष्टींत फसगत होते. पहिली गोळ्याच्या जागेची. जुन्या विलिस पद्धतीच्या ट्रान्सफर केसमधून निघणारे दोन्ही शाफ्ट मधोमध नसून एका अंगाला असतात, म्हणून त्या जीपचा मागचा गोळाही एका अंगाला सरकलेला असतो. पिकअपचा मागचा गोळा मधोमध असेल तर ती ट्रान्सफर केस तिला सरळ जुळत नाही. मग मागचा ॲक्सलही बदलायचा की काय, हा प्रश्न काम अर्धे झाल्यावर उभा राहतो.

दुसरी फसगत रेशोची. पुढच्या आणि मागच्या क्राऊन-पिनियनचा रेशो एकच हवा. युद्धकाळातील विलिस जीपला ३९ आणि ८ दात, म्हणजे ४.८८ चा रेशो होता. युद्धानंतरच्या नागरी जीपला ४३ आणि ८ दात, म्हणजे ५.३८ चा. बाहेरून दोन्ही ॲक्सल सारखेच दिसतात. समजा मागे ४.८८ आणि पुढे ५.३८ बसले, तर मागचे चाक १०० फेरे घेईल तेव्हा पुढचे ९१ च्या आसपासच घेईल. चिखलात चाक घसरून हा फरक निघून जातो. घट्ट रस्त्यावर मात्र टायर घासतात, शाफ्टचे क्रॉस तुटतात आणि एखाद्या दिवशी ट्रान्सफर केसच फुटते. गोळा न उघडता रेशो काढायची सोपी युक्ती आहे. गिअर न्यूट्रल करा, ॲक्सलचे एक चाक जमिनीवर टेकलेले ठेवा आणि दुसरे जॅकवर उचला. जमिनीवरच्या चाकांना दगड लावायला विसरू नका. उचललेले चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा आणि तेवढ्यात शाफ्ट किती फिरला ते खडूची खूण करून मोजा. तोच रेशो.

रेशो जुळला तरी अशी गाडी कोरड्या डांबरावर फोर व्हीलमध्ये चालवायची नसते. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात, आणि साध्या ट्रान्सफर केसमध्ये तो फरक पचवायची सोय नसते. चिखल संपला की लिव्हर टू व्हीलवर आणावाच लागतो.

आता कायदा. येथे आपले पुष्कळ कारागीर अजून जुन्या समजुतीवर चालतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणी पुस्तकातील तपशील जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हीच गोष्ट ठामपणे सांगितली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्या स्वरूपात आले. त्यानुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. गॅरेजवाल्यांनी पुढचे वाक्य दोनदा वाचावे. कायद्यातील 'डीलर' या शब्दाच्या व्याख्येत गाडी दुरुस्तीचा धंदा करणाराही येतो, आणि गाडीच्या बांधणीचे नियम मोडून बदल करणाऱ्या डीलरला एक वर्षापर्यंत कैद किंवा गाडीमागे १ लाख रुपये दंड, किंवा दोन्हीची तरतूद आहे. "मालकाने सांगितले, मी केले" एवढे उत्तर पुरणार नाही.

मावळच्या गाड्या एमएच-१४ च्या, म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या आरटीओत नोंदल्या जातात. मालवाहू गाडी फिटनेसला न्यावीच लागते, तेव्हा पुढचा ॲक्सल झाकून ठेवता येत नाही. विमा कंपनीला न कळवता केलेला एवढा मोठा बदल अपघातानंतर उघड झाला, तर दावा अडकण्याची पूर्ण शक्यता असते. हौदा भरलेली गाडी लोहगडच्या चढावरून मागे सरकली आणि कोणी जायबंदी झाले, तर भरपाई मालकाच्या घरातून जाण्याची वेळ येऊ शकते.

माझे मत स्पष्ट आहे. धंद्याच्या गाडीवर हे काम घेऊ नये. आणि गिऱ्हाइकाला त्याची गरज असतेच असेही नाही. रिकामी पिकअप मागे हलकी असते, ओढ मात्र मागच्याच चाकांना असते, म्हणून ती ओल्या गवतावरही फिरते. तीच गाडी बेताचा माल भरून चढावर गेली की वजन मागे येते आणि चाक जमीन धरते. म्हणजे खाद्य भरून वर जाणाऱ्यापेक्षा शेतावरचा माल आणायला रिकामा जाणारा जास्त अडकतो. त्याने हौद्यात मागच्या ॲक्सलवर वाळूची पोती बांधून न्यावीत. मागे कंपनीने सांगितलेल्या मापाचेच, पण खोल नक्षीचे टायर टाकावेत. एक चाक जागच्या जागी फिरत असेल तर हँडब्रेक थोडा ओढून हळू ॲक्सिलरेटर द्यावा. तो मागच्या चाकांवर लागणारा असेल तर फिरणारे चाक आवळले जाते आणि ओढ दुसऱ्याकडे जाते. फावडे, दोन फळ्या आणि जाड दोर गाडीत असू द्यावा. उतारावर तर फोर व्हीलमुळे ब्रेक जास्त लागतो हा समजच चुकीचा आहे. तेथे उपयोग होतो तो लो गिअरमध्ये इंजिनने गाडी धरून ठेवण्याचा.

ज्याला लोणावळ्याहून राजमाचीच्या वाटेने किंवा आंदर मावळातील आडगावांत भर पावसात रोज जायचे आहे, त्याला मात्र फोर व्हीलच हवी. त्याने कारखान्यातूनच तशी निघालेली गाडी घ्यावी. महिंद्राच्या बोलेरो कॅम्पर आणि पिकअपमध्ये तशी मॉडेल निघालेली आहेत. इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ मध्ये आणि टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये भारतात आली, पण त्यांच्या किमती पाहता विटा वाहायला त्या कोणी घेणार नाही.

कारागिरांचे काम यात बुडत नाही. कारखान्याच्या फोर व्हील गाड्यांचे पुढचे हब, सील, क्रॉस आणि ट्रान्सफर केस नीट उघडून बसवणारे हात सगळीकडे मिळत नाहीत. ओढ्यातून गेलेल्या गाडीच्या गोळ्यात पाणी शिरते आणि ऑइल दुधासारखे पांढरट होते. पावसाळ्यात गोळ्याचे आणि ट्रान्सफर केसचे ऑइल तपासायचा पायंडा पाडला तर गिऱ्हाईक दर महिन्याला येईल. जुनी फोर व्हील विकत घेणाऱ्याला सोबत जाऊन गाडी पाहून देणे हेही मजुरीचे काम आहे. नोंदणी पुस्तकातील मॉडेल फोर व्हीलचेच आहे का आणि चेसिस नंबर जुळतो का ते आधी पाहावे. मग गाडी कच्च्या जमिनीवर नेऊन लिव्हर फोर व्हीलवर टाकावा, चारही चाके ओढतात का ते पाहावे, आणि लो गिअर टाकून चढावर आवाज ऐकावा. लिव्हर अडकत असेल किंवा गोळा रडत असेल तर तेवढी रक्कम किमतीतून उतरवून मागावी.