नव्या मांजराची विषाणू-चाचणी करावी का?
गल्लीतलं पिल्लू उचलून घरी आणलं आणि घरात आधीच एक मनीमाऊ आहे, चाचणीचा प्रश्न खरा इथे उभा राहतो. एकटंच, बाहेर न पडणारं, धडधाकट मांजर असेल तर तेवढी घाई नाही.

तपासायचे विषाणू मुख्यतः दोन. १९६४ साली ग्लासगोत सापडलेला एफईएलव्ही, म्हणजे मांजरांच्या ल्युकेमियाचा विषाणू, लाळेतून पसरतो: एकमेकांना चाटताना, एकाच वाडग्यात खाताना, आईकडून पिल्लालाही जातो. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात ओळखला गेलेला एफआयव्ही पसरतो तो बोक्यांच्या मारामारीतल्या खोल चाव्यांतून. माणसाला दोन्ही होत नाहीत.

दवाखान्यातली छोटी किट रक्ताच्या काही थेंबांवर मिनिटांत उत्तर देते. पण ते उत्तर म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. एफआयव्हीसाठी ही किट विषाणू नव्हे, प्रतिपिंडं शोधते, आणि ती आईच्या दुधातूनही पिल्लात येतात. त्यामुळे सहा महिन्यांखालचं पिल्लू ‘पॉझिटिव्ह’ निघालं, तरी मोठं झाल्यावर पुन्हा तपासायला हवं. उलट लागण ताजी असेल तर निकाल ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो. तेव्हा साधारण दोन महिन्यांनी दुसरी चाचणी करावी.

केवळ पॉझिटिव्ह निकालावरून मांजराला कायमचं झोपवणं मला तरी पटत नाही. एफआयव्ही असलेली कित्येक मांजरं वर्षानुवर्षं मजेत जगतात. निकाल पक्का होईपर्यंत नव्या पाहुण्याला वेगळ्या खोलीत ठेवा आणि वाडगाही वेगळा द्या.