मनगटाचा पट्टा

आमच्या घरी दिवाळीच्या चकल्या पितळी सोऱ्यावरच होतात. २०१२ सालच्या दिवाळीत मी सोऱ्याचा दांडा फिरवायला घेतला आणि दुसऱ्याच वेढ्याला उजव्या मनगटातून अशी कळ गेली की सोऱ्या परातीत ठेवून मला उठावे लागले. ‘कामाचा ताण आहे’ असे घरातले सगळे म्हणाले. मलाही ते पटले. शाळेत दिवसभर फळ्यावर लिहायचे, घरी आल्यावर भाकरी, धुणे, पाणी. ताण नव्हता असे कोण म्हणेल? भाऊबीज उरकल्यावर मी बीडला गेले, औषधाच्या दुकानातून मनगटाचा पट्टा घेतला, वेदनाशामक गोळ्यांचे पाकीट घेतले आणि नेकनूरला परत आले.

त्या पट्ट्याने माझे दीड वर्ष घेतले. कसे, ते सांगावे आणि पुढे अकरा-बारा वर्षांत पट्ट्यांविषयी जे वाचले, विचारले, वापरून पाहिले तेही सांगावे, म्हणून हा लेख.

पट्टा बांधला की बरे वाटे. बरे वाटे म्हणून मी डॉक्टरांकडे जात नव्हते. मधल्या काळात डावे मनगट दुखू लागले, मग दोन्ही हातांच्या बोटांची मुळे सुजली. सकाळी उठल्यावर तास-दीड तास मूठ वळत नसे. मी दुसरा पट्टा आणला. २०१४च्या उन्हाळ्यात मुलाने बळेच तज्ज्ञांकडे नेले तेव्हा एक्स-रेमध्ये मनगटाच्या हाडांच्या कडा झिजलेल्या दिसल्या. निदान झाले संधिवाताभ संधिशोथाचे, म्हणजे डॉक्टर ज्याला रुमेटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात त्याचे. झिजलेले हाड परत येत नाही. माझे उजवे मनगट आज निम्म्याहून कमी वळते.

दुखणे एक नव्हे

आपल्याकडे सांधा दुखला की सरसकट ‘वात आहे’ म्हणतात. आयुर्वेदाने मात्र भेद केले होते. आमवात हा स्वतंत्र विकार म्हणून माधवनिदान या ग्रंथात वर्णिलेला आहे. पाश्चात्त्य वैद्यकात ‘रुमेटॉइड आर्थ्रायटिस’ हे नाव आल्फ्रेड गॅरॉड या इंग्रज डॉक्टरांनी १८५९ साली रूढ केले. या आजारात शरीराची संरक्षण यंत्रणाच सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते. अस्तर सुजते आणि कूर्चा व हाड कुरतडू लागते. बहुधा दोन्ही बाजूंचे सारखेच सांधे धरतात, मनगटे आणि बोटांची मुळे आधी. सकाळचा ताठरपणा तासभर किंवा त्याहून अधिक टिकतो. वयोमानाने होणारी झीज वेगळी. ती हातात बहुतेक वेळा अंगठ्याच्या मुळाशी आणि बोटांच्या टोकांकडच्या सांध्यांत दिसते आणि सकाळचा ताठरपणा साधारण अर्ध्या तासाच्या आत सुटतो.

आपल्या खेड्यांत हे आजार किती आहेत, याचा शोध पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणला घेतला गेला. १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातल्या चार हजारांहून अधिक प्रौढांची घरोघरी पाहणी केली. शंभरातल्या सुमारे १८ जणांना हाडे, सांधे किंवा स्नायूंचे दुखणे होते. रुमेटॉइड आर्थ्रायटिस मात्र हजारात पाचेक जणांना आढळला. आकडा लहान वाटतो, पण दहा हजार प्रौढांच्या गावात तो पन्नास माणसांचा होतो. या आजारात बायकांचे प्रमाण पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट असते. म्हणजे पन्नासांतल्या तीसेक तरी भाकरी थापणाऱ्या, खुरपे धरणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या.

मुठीचा प्रयोग

मनगटात आठ लहान हाडे दोन ओळींत बसलेली असतात. त्यांच्यावरून बोटांकडे जाणाऱ्या शिरा सुतळीसारख्या ताणलेल्या असतात. वाचकांनी एक प्रयोग करून पाहावा. पंजा खाली, तळहाताच्या बाजूला पूर्ण वाकवा आणि आता मूठ आवळा. मूठ घट्ट होत नाही. मग पंजा थोडा मागे, हाताच्या पाठीच्या बाजूला कलवा आणि पुन्हा आवळा. आता जोर येतो. साधारण २० ते ३० अंश मागे कललेले मनगट ही पकडीची जागा. सुजलेले मनगट दुखू नये म्हणून आपोआप खाली वाकते आणि पकड जाते. पट्ट्याचे काम एवढेच की मनगट त्या जागी धरून ठेवायचे, म्हणजे बोटांना जोर मिळतो आणि दुखऱ्या सांध्याला झटके बसत नाहीत.

हे कळायला मला पुण्यातल्या एका व्यवसायोपचार तज्ज्ञांकडे जावे लागले. व्यवसायोपचार म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. रुग्णाला रोजची कामे पुन्हा करता यावीत यासाठीचे हे शास्त्र. आम्हा शिक्षकांना फलटणचे कमला निंबकर बालभवन ठाऊक असते. ते ज्यांच्या नावाने आहे त्या कमलाबाई मूळच्या अमेरिकन. लग्नानंतर त्या इथल्याच झाल्या आणि १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराचे शिक्षण देणारी देशातली पहिली शाळा सुरू केली. शाळेच्या नावात रोज वाचलेल्या बाईंचा माझ्या मनगटाशी असा संबंध निघाला.

तीन पट्टे

मी तीन प्रकार वापरले. पहिला, नुसता ताणता येणारा मोजा. तो ऊब देतो, ‘जपून’ अशी आठवण देतो, पण मनगट धरून ठेवत नाही. दुसरा, तळहाताच्या बाजूला अॅल्युमिनियमची पट्टी असलेला. कामाचा पट्टा तो हाच. ती पट्टी खिशातून बाहेर काढता येते आणि हाताच्या बाकाप्रमाणे वाकवता येते, हे मला दुकानात कोणी सांगितले नव्हते. दीड वर्ष मी सपाट पट्टीच बांधून हिंडत होते. तिसरा, साच्याचा. खास प्लास्टिकचा पत्रा साधारण ६५ ते ७० अंश गरम पाण्यात मऊ करून थेट हातावर बसवतात. थंड झाला की तो आपल्याच हाताच्या आकाराचा होतो. सूज चढते त्या दिवसांत, रात्री झोपताना मला तो लागतो. त्याची किंमत दुकानातल्या पट्ट्याच्या कितीतरी पट. चुलीजवळ किंवा उन्हातल्या पत्र्याखाली ठेवला तर आकार बिघडतो.

सोयीचा पट्टा कसा ओळखावा, तर त्याच्या खुणा अशा. पट्टी तळहातावरच्या बोटांच्या मुळाजवळील आडव्या रेषेच्या अलीकडे थांबली पाहिजे, नाहीतर मूठ मिटत नाही. अंगठा मोकळा फिरला पाहिजे, अर्थात अंगठ्याचेच मूळ दुखत असेल तर त्यालाही धरणारा पट्टा वेगळा मिळतो. करंगळीकडे मनगटावर जे हाड वर आलेले असते त्यावर दाब नको. नवा पट्टा वीस मिनिटे बांधून सोडावा. लाल वळ अर्ध्या तासात गेला नाही, किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर तो पट्टा आपला नव्हे. माप घेताना मनगटाचा घेर टेपने मोजावा, आणि तोही सूज असलेल्या वेळी. शेवटची खूण सगळ्यात महत्त्वाची: दुखऱ्या हाताने तो एकटीला बांधता आणि सोडता आला पाहिजे. माझ्या पट्ट्याच्या टोकांना मी नाडीचे फासे शिवून घेतले आहेत. बोट अडकवले की ओढता येते.

आमच्या बीडच्या उन्हाळ्याचाही विचार करावा लागतो. रबरासारख्या जाड कापडाचा पट्टा हिवाळ्यात सुखाचा, पण मे महिन्यात त्याखाली घामोळे उठते. मी आत सुती मोज्याचा कापलेला तुकडा घालते आणि दोन पट्टे ठेवते, एक वाळत, एक हातावर. चिकटपट्टीत ज्वारीचे पीठ आणि कापसाचे तंतू अडकले की ती धरत नाही. जुन्या दातांच्या ब्रशने ती साफ होते.

भाकरीचे मात्र कोणत्याच पट्ट्याशी जमत नाही. पीठ मळताना तळहाताचा घट्टा दाबून मनगट पार मागे मोडावे लागते आणि नेमके तेच पट्टा अडवतो. मी वर्षभर हट्टाने पट्टा सोडून भाकऱ्या केल्या आणि संध्याकाळी रडले. शेवटी काम बदलले. आता पिठाची उकड घेते, ती मऊ असते, सून मळून देते आणि मी पोळपाटावर लाटते. थापल्याची चव नाही असे घरातले म्हणतात, आणि खातात.

संशोधन काय म्हणते

पट्ट्याने आजार थांबतो का? नाही. हाडांची झीज किंवा वाकडेपणा पट्ट्याने टळतो, असा पुरावा नाही. वेदना मात्र कमी होते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या एका चाचणीत ३३ रुग्ण होते. ज्यांना चार आठवडे कामाचा पट्टा दिला त्यांची वेदना सुमारे एक तृतीयांशाने उतरली. चाचणी लहान, पण माझा अनुभव तिच्याशी जुळतो. ‘पट्ट्याची सवय लागून हात लुळा पडतो’ ही भीती पूर्ण खोटी नाही. रात्रंदिवस बांधून ठेवला तर सांधा आखडतो, स्नायू सुकतात. म्हणून कामापुरता बांधावा, मध्ये मध्ये सोडून हात हलवावा. ब्रिटनमध्ये ४९० रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापल्या गेलेल्या चाचणीत हातांच्या ठरवून दिलेल्या व्यायामांनी हाताचे काम सुधारलेले दिसले. पट्टा आणि व्यायाम ही एकाच उपचाराची दोन अंगे आहेत.

आजार आवरतात ती औषधे. मेथोट्रेक्सेट हे त्यातले मुख्य आणि जुने औषध. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतले तर जिवावर बेतते. म्हणून मी कॅलेंडरवर दर रविवारी गोल करते. रक्ताच्या तपासण्या ठरल्या वेळी कराव्याच लागतात. त्यासाठी बीड किंवा अंबाजोगाई गाठायला दिवस जातो. पण तो दिवस २०१२ सालीच घालवला असता, तर आज माझे मनगट वळले असते.

शेजारणीचा पट्टा

गेल्या दसऱ्यानंतर शेजारच्या वस्तीवरची एक बाई आली. तोडीला निघायची तयारी चालली होती. “बाई, तुमच्यासारखा पट्टा मलाबी द्या की. रातच्याला हात बधिर होतोय, झोपच न्हाई.”

माझ्याकडे एक जादाचा होता. हात पुढे झालाही होता. मग थांबले आणि विचारले, सकाळी बोटे किती वेळ आखडतात? सूज कुठे येते? दुसरा हात? तिला ताठरपणा नव्हता, सूज नव्हती. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट रात्री बधिर व्हायचे. हात झटकला की बरे वाटायचे. हे माझे दुखणे नव्हतेच. कोयता आवळून मनगटातल्या अरुंद वाटेत नस दबत असावी, असे मला वाटले, पण निदान करणारी मी कोण? तिला सुनेबरोबर तपासायला पाठवले. डॉक्टरांनी नस दबल्याचेच सांगितले आणि रात्री पट्टा बांधायला सांगितला. पण पट्टी मागे वाकवलेली नको, अगदी सरळ हवी, कारण सरळ मनगटात नसेवर दाब सगळ्यात कमी असतो. मी माझ्या पट्ट्यातली पट्टी काढली. उंबरठ्यावर ठेवून तिच्या नवऱ्याने ती वरवंट्याने सपाट केली.

माझ्या हाताला जी बाक हवी, तीच तिच्या हाताला नको होती. पट्टा तोच.

ट्रकमध्ये संसार भरून ती दोघे गेली, तेव्हा पट्टा तिच्या पिशवीत होता आणि त्याच्याबरोबर डॉक्टरांची चिठ्ठीही. बधिरपणा दिवसाही राहू लागला किंवा अंगठ्यातला जोर गेला, तर हंगाम संपायची वाट न पाहता दाखवायचे, असे मी तिला दोनदा सांगितले. अंगणात उभी राहून पुन्हा एकदा ओरडून सांगितले. ट्रकच्या आवाजात तिला ते ऐकू गेले की नाही, माहीत नाही. तिने हात वर केला एवढे मात्र दिसले.