प्रोटीनच्या डब्यावरचा आकडा आणि दुकानदाराचे पक्के बिल

ज्या मोहल्ल्यात नवी व्यायामशाळा उघडते, तेथे वर्ष-दोन वर्षांत प्रोटीन पावडरीचे एखादे दुकान बहुधा निघतेच. मेवा, किराणा किंवा औषधे विकणारे आपले काही बंधूही आता एका फळीवर हे डबे मांडू लागले आहेत. धंदा वरून आकर्षक दिसतो. डबा हजारो रुपयांचा, गिऱ्हाईक तरुण, आणि डबा संपला की तेच गिऱ्हाईक पुन्हा येणार. पण कापडाचा व्यापारी सुताचा नंबर विचारल्याशिवाय ठाण उचलत नाही, सोनार कस पाहिल्याशिवाय सोने घेत नाही. मग हा डबा मात्र केवळ वरच्या चित्रावर विश्वासून का घ्यायचा? त्याच्या आत काय आहे, हे आधी समजून घेऊ.

बाजारात सर्वांत जास्त मागणी असते ती ‘व्हे’ प्रोटीनला. व्हे म्हणजे दुसरे काही नाही, चीज बनविताना खाली उरणारे पाणी. आपल्याकडे पनीर करताना जे हिरवट पाणी गळते, त्याचाच हा भाऊबंद. दहा लिटर दुधापासून साधारण एक किलो चीज मिळते आणि नऊ लिटरच्या आसपास पाणी उरते. त्या पाण्यात प्रोटीन एक टक्कासुद्धा नसते. बाकी पाणी, दुधातली साखर आणि क्षार. युरोप-अमेरिकेतील चीज कारखान्यांना हे पाणी अनेक वर्षे डोकेदुखी होते. ते डुकरांना पाजीत, शेतात सोडीत, नाहीतर नदीत ओतीत. १९७०च्या दशकात अतिशय बारीक छिद्रांच्या पडद्यांतून ते गाळण्याचे तंत्र कारखान्यांत आले. साखर आणि पाणी पडद्यातून निघून जाते, प्रोटीन मागे राहते. मग गरम हवेत फवारून त्याची भुकटी करतात. टाकाऊ पाण्याचे सोने झाले ते असे. ८० टक्क्यांपर्यंत प्रोटीन असलेल्या मालाला ‘कॉन्सन्ट्रेट’ म्हणतात, आणखी गाळून ९० टक्क्यांच्या आसपास नेलेल्याला ‘आयसोलेट’.

भारतात चीज कमी बनते, म्हणून हा कच्चा माल मोठ्या प्रमाणावर बाहेरून येतो. अलीकडे देशातही उत्पादन सुरू झाले आहे. आपल्या राज्यात पुणे जिल्ह्यातील मंचर येथे चीजच्या कारखान्याबरोबरच व्हे पावडर तयार होते. पण अनेक डब्यांची गोष्ट अशी, की परदेशी भुकटीची गोणी येथे येते, तिच्यात कोको, गोडी आणि सुगंध मिसळतात आणि नव्या नावाने डबा भरतात. म्हणजे गोणी आणि डबा यांच्यामध्ये एक हात असतो. गडबड होते ती बहुधा याच हाताने.

ती कशी होते, हे प्रत्येक दुकानदाराने नीट समजून घ्यावे. प्रयोगशाळेतील नेहमीची परीक्षा प्रोटीन थेट मोजत नाही, ती नायट्रोजन मोजते. १८८३ साली डेन्मार्कच्या केल्डाल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ही पद्धत शोधली. प्रोटीनमध्ये साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून नायट्रोजनच्या आकड्याला ६.२५ ने गुणले की प्रोटीनचा आकडा निघतो. दुधाच्या मालाला ६.३८ ने गुणतात. पद्धत स्वस्त आणि चांगली आहे, पण तिला नायट्रोजन कोठून आला ते कळत नाही. ग्लायसीन हे एक स्वस्त अमिनो आम्ल आहे. त्यात नायट्रोजन १८ टक्क्यांहून जास्त. म्हणजे १०० ग्रॅम ग्लायसीन या परीक्षेत ११६ ग्रॅम ‘प्रोटीन’ दाखविते! आता शंभर ग्रॅम पावडरीत खरे प्रोटीन ५५ ग्रॅम घातले आणि २० ग्रॅम ग्लायसीन मिसळले, तर परीक्षेत आकडा येईल ७८. डब्यावर ७८ छापायला मालक मोकळा. दुधात युरिया मिसळणारा भेसळखोर हीच युक्ती करतो. चीनमध्ये २००८ साली दुधात मेलामाइन मिसळले गेले तेही याच कारणासाठी. त्या प्रकरणात सुमारे तीन लाख बालके आजारी पडली आणि सहा दगावली.

ग्लायसीन मेलामाइनसारखे विष नाही, हे खरे. पण त्याने स्नायू बांधले जात नाहीत. दिवसभर लूमवर किंवा गॅरेजमध्ये राबून पैसे जमविलेल्या पोराला आपण ८० टक्क्यांच्या भावात ५५ टक्क्यांचा माल विकला, तर तो मापात पाप केल्यासारखाच होतो, मग माप दुसऱ्याने का केलेले असेना.

हे काही ऐकीव नाही. केरळमधील डॉक्टरांनी भारतीय बाजारातील ३६ प्रोटीन पावडरी तपासून २०२४ साली आपले निष्कर्ष ‘मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. सुमारे ७० टक्के मालावरचा प्रोटीनचा आकडा चुकीचा निघाला, काहींत तर छापलेल्याच्या निम्मेच प्रोटीन होते. सुमारे १४ टक्के नमुन्यांत बुरशीचे विष सापडले. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली, तेव्हा स्नायू वाढविण्यासाठी प्रोटीन पावडर टाळावी असाच सल्ला दिला.

लेबल वाचण्याची एक खूण सांगतो. खऱ्या व्हेमध्ये ल्युसीन नावाचे अमिनो आम्ल दर शंभर ग्रॅम प्रोटीनमागे दहा-अकरा ग्रॅम असते. चमच्याला २४ ग्रॅम प्रोटीन लिहिले असेल, तर ल्युसीन अडीच ग्रॅमच्या आसपास हवे. अमिनो आम्लांचा तक्ताच डब्यावर नसेल, किंवा घटकांच्या यादीत ग्लायसीन, टॉरीन, क्रिएटीन ही नावे असतील, तर वितरकाकडे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा त्या बॅचचा अहवाल मागावा. तो देण्यास कुरकुर करणाऱ्याचा माल न घेतलेला बरा. ‘मास गेनर’ नावाचे जे मोठे डबे असतात, त्यांत बहुतांशी माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे मक्याच्या वगैरे स्टार्चची भुकटी असते. डबा मोठा, प्रोटीन थोडे.

आपली काही गिऱ्हाइके हलालचाही प्रश्न विचारतात, आणि तो विचारायलाच हवा. चीज फाडण्यासाठी पूर्वापार वासराच्या जठरातील रेनेट वापरतात. आज पुष्कळ कारखाने सूक्ष्मजीवांपासून केलेले रेनेट वापरतात, पण सगळेच नाही. कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे असेल तर ते कोणत्या जनावराचे, हाही प्रश्न आहेच. लेबलवरील हिरवा ठिपका वनस्पतिजन्य माल किंवा दूध एवढेच सांगतो, रेनेटचा उल्लेख त्यात नसतो. म्हणून उत्पादकाचे लेखी उत्तर किंवा प्रमाणपत्र दुकानात ठेवावे, ‘सब चलता है’ म्हणून गिऱ्हाइकाची बोळवण करू नये.

आता कायद्याकडे वळू. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ चा आहे. त्याच्या २७व्या कलमाप्रमाणे मुदत संपलेला माल, चुकीच्या लेबलचा माल आणि ज्याचा उत्पादक किंवा वितरक दाखविता येत नाही असा माल विकला, तर विक्रेता स्वतः जबाबदार. कमअस्सल मालासाठी पाच लाखांपर्यंत आणि चुकीच्या लेबलसाठी तीन लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण याच कायद्यात प्रामाणिक दुकानदारासाठी ढालही आहे. २६व्या कलमात म्हटले आहे, की मालाच्या दर्जाची लेखी हमी दिल्याशिवाय कोणी विक्रेत्याला माल देऊ नये, आणि बिल किंवा कॅशमेमो हीच हमी समजली जाईल. याचा व्यवहारातील अर्थ इतकाच, की बिलावर बॅच नंबर असलेले पक्के बिल हे तुमच्या दुकानाचे कुलूप आहे. दहा-वीस टक्के स्वस्त म्हणून बिनबिलाचा माल उचलला, की हे कुलूप आपण स्वतःच्या हाताने तोडतो. डब्यावर चौदा आकडी परवाना क्रमांक असतो, तो सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो. बाहेरच्या मालावर आयात करणाऱ्याचे नाव, पत्ता आणि परवाना क्रमांकही हवा.

डब्याचा हिशेब गिऱ्हाइकासमोर मांडण्यासही भिऊ नये. समजा किलोचा डबा २४०० रुपयांना आहे आणि त्यात ८० टक्के प्रोटीन खरोखर आहे. म्हणजे ८०० ग्रॅम प्रोटीन, ग्रॅमला तीन रुपये. सात रुपयांच्या अंड्यात सहा ग्रॅम प्रोटीन, ग्रॅमला सव्वा रुपयाच्या आत. फुटाणे शंभर ग्रॅमला वीसच्या आसपास, सोयाबीनच्या वड्या पन्नासच्या आसपास, आणि कोकणातले सुके बोंबील तर साठच्या घरात. सर्वसाधारण माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरते. वजने उचलणाऱ्याला जास्त लागते, पण १.६ ग्रॅमच्या पुढे खाऊन स्नायूंना आणखी फायदा होत नाही. साठ किलोच्या पोराला ९६ ग्रॅम झाले. चार अंडी, दोनशे ग्रॅम कोंबडीचा छातीचा तुकडा, आणि रोजची डाळ-भाकरी-दूध यांत ते बसून जाते. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्याने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोटीन वाढवू नये.

कोल्हापूरच्या तालमींत पहिलवानासाठी बदामाची थंडाई घोटण्याची रीत आहे. त्या गावात बदाम-खारकेच्या दुकानदाराला तालीम हे मोठे गिऱ्हाईक. आजच्या व्यायामशाळेकडेही तसेच पाहता येईल. कोंबडीच्या दुकानदाराने छातीचे बिनहाडाचे मांस दोनशे ग्रॅमच्या पुड्यांत बांधून ठेवावे, मांड्या आणि हाडांचा माल हॉटेलवाल्याला जातोच. अंड्यांच्या घाऊक व्यापाऱ्याने संध्याकाळी व्यायामशाळेच्या दाराशी उकडलेली अंडी आणि फुटाणे ठेवून पाहावेत. यात भांडवल थोडे आणि माल रोज खपणारा. डब्याच्या धंद्यात पैसा महिनोन्महिने फळीवर अडकतो.

इंजेक्शन किंवा ‘गोळ्या’ मागणारे गिऱ्हाईकही येईल. त्याला स्पष्ट नकार द्यावा. स्टेरॉइड ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी औषधे आहेत, औषधाच्या परवान्याशिवाय ती विकणे हा गुन्हा आहे. व्यायामशाळांतून ज्याचा गैरवापर होतो ते मेफेंटरमाइन म्हणजे शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब वर आणण्याचे औषध. धडधाकट पोराच्या हृदयावर त्याचा काय मारा होत असेल, याची कल्पना करावी.

भंगाराचा व्यवसाय करणाऱ्या बंधूंनाही एक सूचना. व्यायामशाळेतून येणारे रिकामे डबे झाकणासकट, लेबलसकट जादा भावाने मागणारा कोणी भेटला, तर तो प्लास्टिकसाठी आलेला नाही हे ओळखावे. असे डबे दळण्यास देण्यापूर्वी विळ्याने उभे चिरून टाकावेत. चिरलेल्या डब्याचाही वजनाप्रमाणे तोच भाव मिळतो.