कोरडी गादी पुन्हा ओली झाली तर

मूल रात्री गादी ओली करू लागलं की आपल्याकडे आधी तीळ-गुळाचे लाडू वळले जातात. मग जंताचं औषध. तेही झालं की संध्याकाळनंतर पाणी बंद. बालरोगतज्ज्ञ म्हणून मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती या तिसऱ्या उपायाची.

पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओलं होण्यात विशेष काही नाही. काही मुलांचं त्यानंतरही चालू राहतं आणि बहुतेकांचं आपोआप थांबतं. मी सावध होते ती "डॉक्टर, दोन वर्षं कोरडी होती, पंधरा दिवसांपासून पुन्हा सुरू झालंय" हे ऐकून. सहा महिन्यांहून अधिक काळ कोरडं राहिलेलं मूल पुन्हा गादी ओली करू लागलं, तर कारण बद्धकोष्ठता असेल, लघवीतला संसर्ग असेल, नाहीतर घरात आलेलं धाकटं भावंडही असेल. पण आधी तपासायचा तो मधुमेह, कारण बाकीची कारणं आठवडाभर थांबू शकतात, तो थांबत नाही.

रक्तातली साखर साधारण १८० च्या पुढे गेली की मूत्रपिंडांना ती सगळी परत शोषून घेता येत नाही. ती लघवीत उतरते आणि सोबत पाणी ओढून नेते. आठ वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात ढोबळमानाने ३०० मिलिलिटर मावतं. रात्रीत त्याहून कितीतरी जास्त लघवी तयार झाली, तर झोपलेलं लेकरू करणार काय? त्याचं मूत्राशय धडधाकट असतं, आळसाचा तर प्रश्नच नाही. तहान लागते ती पाणी निघून जातं म्हणून. अशा वेळी पाणी तोडलं तर साखर उतरत नाही, शरीर मात्र कोरडं पडत जातं.

सोबत वजन घटतंय का, मूल रात्री उठून घटाघटा पाणी पितंय का, मलूल दिसतंय का, ते पाहा. लघवीला मुंग्या लागणं ही आयुर्वेदाने फार पूर्वी नोंदवलेली खूण. पण फिनाइलने धुतलेल्या फरशीवर मुंग्या येतीलच असं नाही, त्यामुळे त्यांची वाट पाहू नका. बोटाच्या थेंबावर होणारी तपासणी मिनिटभराची आहे. ती त्याच दिवशी करा, सकाळी उपाशीपोटीच हवी असा हट्ट नको. ही लक्षणं असताना कुठल्याही वेळी २०० किंवा त्याहून जास्त साखर आली, तर निदान जवळजवळ झालंच. उलट्या, पोटदुखी, खोल-भरभर श्वास किंवा तोंडाला पिकल्या फळासारखा वास असेल, तर थेट रुग्णालय गाठा. इन्सुलिन सुरू होऊन साखर आटोक्यात आली की गादी बहुधा लवकरच कोरडी राहू लागते.

दुसरी गोष्ट याच्या अगदी उलटी आहे आणि ती सहसा कुणी सांगत नाही. बरीच वर्षं साखर चढी राहिली तर मूत्राशयाच्या नसा मंदावू शकतात. लहान मुलांत हे क्वचितच दिसतं. कॉलेजच्या किंवा नोकरीला लागलेल्या वयात दिसू शकतं. मूत्राशय भरतं, पण निरोप पोहोचत नाही. "मला दिवसातून दोनदाच जावं लागतं," असं एक तरुण मला कौतुकाने सांगत होता. सोनोग्राफीत लघवी करून आल्यावरही बरीच आत शिल्लक दिसली. अशी साचलेली लघवी संसर्गाला आमंत्रण देते आणि पुढे मूत्रपिंडांवरही ताण आणू शकते. अशांनी लघवी लागण्याची वाट न पाहता घड्याळ पाहून दर तीन-चार तासांनी जायचं, आणि एकदा झाल्यावर मिनिटभर थांबून पुन्हा प्रयत्न करायचा. साखर आटोक्यात ठेवायची हे ओघानं आलंच.

शाळेचं मात्र अवघड असतं. स्वच्छतागृह घाण म्हणून मुली पाणीच पीत नाहीत, दिवसभर लघवी धरून ठेवतात. मधुमेह असलेल्या मुलीला हे दोन्ही परवडणारं नाही. म्हणून अशा प्रत्येक मुलासाठी मी वर्गशिक्षकांच्या नावे चिठ्ठी लिहून देते: पाण्याची बाटली बाकावर राहू द्यावी, आणि लघवीला जायला तास संपायची वाट पाहायला लावू नये. तुमच्या डॉक्टरांकडूनही मागून घ्या.