ऋतुप्राप्तीस विलंब

न्हाण आले की मुलीला मखरात बसवण्याची रीत एके काळी आपल्याकडे होती. ते लांबले की कुजबुज होई, आणि ती अजून थांबलेली नाही. गाझियाबादेसारख्या दूरच्या शहरी राहणाऱ्या मराठी आईला तर विचारायला आजी-मावशीही जवळ नसते. तिने इतके ध्यानात ठेवावे : १३ व्या वर्षापर्यंत स्तनांची वाढ सुरू झाली नाही, अथवा १५ वर्षे पुरी होऊनही ऋतू आला नाही, तर मुलीला डॉक्टरांकडे न्यावे. दरमहा ओटीपोट दुखते, पण स्राव नाही, असे असेल तर त्याआधीही न्यावे. मार्गावरील पडदा बंद असल्यास लहानशा शस्त्रक्रियेने तो मोकळा होतो.

पुष्कळदा आईलाही ऋतू उशिराच आलेला असतो, आणि काळ हेच औषध ठरते. कधी अपुरे पोषण वा थायरॉइडचा दोष असतो. क्वचित गर्भाशय जन्मतःच नसते, किंवा १९३८ साली टर्नर यांनी वर्णिलेला, एका एक्स गुणसूत्राच्या उणिवेचा विकार असतो. उंची-वजन, सोनोग्राफी, रक्तातील संप्रेरके व गुणसूत्रे यांच्या तपासणीतून हे उलगडते.

निदान काहीही असो, ते मुलीला खरे आणि मायेने सांगावे. ‘लग्न झाले की येईल’ ही समजूत खोटी आहे. दोष मुलीचा नाही, आईचाही नाही. आणि शेजारणीने विचारलेच, तर उत्तर देण्याचे बंधन दोघींपैकी कुणावरही नाही.