शाळेचा नवा लॅपटॉप आणि विद्यार्थ्याचे नाव

शाळेच्या कार्यालयात नवा लॅपटॉप आला की पहिला दिवस पासवर्ड, वाय-फाय आणि प्रिंटर यांतच जातो. ही कामे आवश्यक खरीच. परंतु पहिली विद्यार्थियादी टंकण्यापूर्वी मराठी कळफलक निश्चित करणे त्याहून महत्त्वाचे आहे.

जुन्या बिगर-युनिकोड फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर मराठी आकार चढविलेले असत. नव्या यंत्रात तो फाँट नसल्यास जुन्या यादीतील नावांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक वर्णाला स्वतंत्र संकेतांक आहे. उदाहरणार्थ, ‘क’ला ०९१५. यास्तव विंडोजच्या सेटिंग्जमध्ये मराठी भाषा जोडून इनस्क्रिप्ट कळफलक निवडावा.

खरी कसोटी ‘कुऱ्हाडे’सारख्या आडनावांत लागते. साध्या ‘र’चा पाय मोडून ‘ह’ लिहिल्यास रफार होऊन ‘कुर्हाडे’ उमटते. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह ‘जे’, नंतर ‘डी’ व ‘यू’ या कळा दाबल्यास ‘ऱ्ह’ मिळतो. हेच रूप अदृश्य जोडचिन्ह घालूनही साधता येते. डोळ्यांना दोन्ही सारखीच, संगणकाला मात्र भिन्न. परिणामी शोध घेतल्यास विद्यार्थी बहुधा ‘सापडत नाही’.

माहुलमध्ये या प्रश्नाला वेगळे गांभीर्य आहे. तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्यांतील अनेक कुटुंबे २०१७ च्या सुमारास येथील वसाहतीत हलविण्यात आली. अशा पाल्यांच्या बाबतीत शाळा सोडल्याचा दाखला हाच दोन शाळांमधील दुवा असतो. म्हणून कार्यालयातील सर्वांनी एकच कळफलक वापरावा आणि टंकलेले प्रत्येक नाव जनरल रजिस्टरशी अक्षरशः ताडूनच दाखला छापावा.