टेस्ट कोण वाचणार?

समजा, बसच्या तिकिटांचे ॲप आहे. प्रवाशाने तिकीट रद्द केले की पैसे परत मिळावेत, ही यूजर स्टोरी. गाडी सुटायला 24 तास किंवा जास्त वेळ असेल तर 10 टक्के कपात, कमी असेल तर 50 टक्के. ही कपात मोजणारा एक छोटा क्लास आत आहे.

क्लास तपासायला रुबीत आरस्पेक, जावात जेयुनिट. ऑब्जेक्ट थेट तयार करायचा, 500 रुपयांचे तिकीट आणि 24 तास द्यायचे, 450 येतात का पाहायचे. मग 23 तास 59 मिनिटे द्यायची. 250 यायला हवेत. 'किंवा जास्त'ऐवजी नुसते 'जास्त' लिहिले गेले असेल, तर चूक इथेच सापडते. ब्राउझर लागत नाही, डेटाबेस लागत नाही, त्यामुळे अशा शेकडो टेस्ट काही सेकंदांत होतात.

स्टोरीसाठी क्युकंबर आहे. आरस्पेकमधल्या स्टोरी रनरच्या जागी अस्लाक हेलेसॉय यांनी 2008 मध्ये ते आणले. त्याची घर्किन ही लिहिण्याची पद्धत मराठीतही चालते:

जेव्हा प्रवासी तिकीट रद्द करतो
मग त्याला 450 रुपये परत मिळतात

मात्र प्रत्येक ओळीमागे ती चालवणारा कोड लिहावा लागतो. 'रद्द करतो'चे कोणी 'कॅन्सल करतो' केले की जोड तुटते. ही वाक्ये तिकीट खिडकीवरची किंवा हिशेबाची माणसे खरोखर वाचून दुरुस्त करत असतील, तर हा खर्च जरूर करावा. वाचणारे फक्त प्रोग्रामर असतील तर माझ्या मते क्युकंबर नकोच. तीच स्टोरी आरस्पेक आणि स्क्रीनवरच्या क्रिया करून पाहणारे कॅपिबारा वापरून सरळ कोडमध्ये लिहावी.

साधन कोणतेही असो, स्टोरीच्या टेस्ट मोजक्याच ठेवाव्यात: पैसे परत मिळाले, गाडी सुटल्यावर नाकारले. मिनिटा-मिनिटाचे हिशेब क्लासकडे.

पण नुसत्या क्लासच्या टेस्टवरही विसंबू नये. स्क्रीनने मिनिटे पाठवली आणि क्लासने ते तास समजले, तर दोघांच्या आपापल्या टेस्ट हिरव्याच राहतात. पाच तास आधी रद्द केलेले तिकीट 300 तास आधीचे ठरते आणि 250 ऐवजी 450 रुपये परत जातात. हा घोळ 24 तासांच्या आत तिकीट रद्द करून पाहणारी स्टोरीची टेस्टच पकडते. तो सापडला की नुसता आकडा न पाठवता एककासह कालावधी पाठवावा, आणि त्याची टेस्ट क्लासच्या पातळीवर लिहावी.